एका बैलाचं विमान

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या हरिचंद्रने आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण केलेली नाही, आणि हे त्याची बायको चिमी कुणालाही, न विचारता, भाजी निवडता निवडता सांगते. चहाचा कप रिकामा करील तर शप्पथ, तळाला घोटभर ठेवणारच. शर्टाचं शेवटचं बटण कायम उघडं. स्वयंपाकघरातल्या फळीला चार स्क्रू, त्यातला चौथा अर्धाच पिळलेला. त्या फळीवर चिमीने कधी लोणच्याची बरणी ठेवली नाही. एक रिकामी डबी ठेवते, तीही लांबून.

याला कारण त्याची नोकरी. जवळच्या जांभूळ गावातल्या पाण्याच्या प्लँटवर तो जन्मभर व्हॉल्व फिरवायला होता. तिथे पहिल्याच दिवशी एका जुन्या माणसाने त्याला शिकवलं की व्हॉल्व कधी टोकापर्यंत पिळायचा नाही, पाव फेरा शिल्लक ठेवायचा. गच्च पिळला की अडकतो, मग चार माणसं लटकली तरी सुटत नाही. हरिचंद्रने ते ऐकलं आणि अख्ख्या संसाराला लावलं. रिटायर झाला त्या दिवशी सत्काराचं भाषणसुद्धा त्याने ‘आणि शेवटी एवढंच सांगतो की’ इथपर्यंत आणलं आणि खाली बसला. प्लँटवरची माणसं अजून वाट बघत असतील.

त्याच्या जुन्या घराच्या आणि गोठ्याच्या जागेवर आता सात मजली बिल्डिंग उभी आहे. बिल्डरने करारात त्याला फ्लॅट दिला आणि एक पार्किंग दिलं. पार्किंगमध्ये काय लावायचं हे करारात कुठेच नव्हतं, म्हणून हरिचंद्रने तिथे बैल लावला. एका बाजूला कुणाची तरी पांढरी गाडी, दुसऱ्या बाजूला स्कूटर, आणि मधे वजीर, पिवळ्या पट्ट्यांच्या आत, शिस्तीत. सोसायटीने सुरुवातीला बराच आरडाओरडा केला. मग त्यांच्या लक्षात आलं की हा कधी दुसऱ्याच्या जागेत लागत नाही, सकाळी सकाळी हॉर्न देत नाही, रिव्हर्स घेताना कुणाला घासत नाही. तेव्हापासून लहान मुलांच्या वाढदिवसाला वजीरलाही केकचा तुकडा येतो. क्रीम काढून.

वजीर वासरू होता तेव्हाच त्याची आई गेली. हरिचंद्रने बाटलीने दूध पाजून त्याला मोठा केला. एका पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हा वासराला लिफ्टमध्ये घालून पाचव्या मजल्यावर आणलं आणि पाणी ओसरल्यावरही बरेच दिवस पॅसेजमध्ये ठेवलं. रोज दोन वेळा लिफ्टने खाली, लिफ्टने वर. चिमी म्हणते, स्वतःच्या पोराला या माणसाने कधी मांडीवर घेतलं नाही, वासराची मान मांडीवर घेऊन मात्र मालिका बघायचा. आणि ती मालिका कसली तर सासू-सुनेची.

ते पोर म्हणजे अल्पेश. आता चांगला लग्नाचा झालाय. दिवसा अंबरनाथला कंपनीत जातो आणि उरलेला सगळा वेळ बैलगाडा शर्यत. वजीरच्या नावाने मोबाईलवर पेज चालवतो. शर्यतीत छकड्याला दोन बैल लागतात. ज्याच्याकडे एकच आहे तो जोडीला दुसऱ्याचा बैल घेतो, त्याला पैरा म्हणतात. जांभूळच्या मैदानात वजीर कुणाच्याही पैऱ्याला पळायचा आणि असा पळायचा की धूळ खाली बसेपर्यंत हा परत येऊन पाणी पीत असायचा. जांभूळला जायचं तर हरिचंद्र त्याला पहाटे चालत न्यायचा, वाटेत गप्पा मारत. गप्पा हरिचंद्रच्याच, पण वजीर कान हलवायचा.

खरी भानगड होती टेंपोची. टेंपोत चढवला की वजीरचे पाय थरथरायचे, तोंडातून लाळेच्या तारा. उतरवल्यावर तो असा उभा राहायचा की जणू जमीन अजून हलते आहे. मुरबाडच्या पुढे एक मोठी शर्यत होती, अल्पेशने हौसेने नेला. छकड्याला जुंपल्या जुंपल्या वजीर खाली बसला. जोडीचा बैल उभा, हा बसलेला. माइकवरचा माणूस आधी गोंधळला, मग त्याला चेव आला. म्हणाला, “मंडळी, हेंद्रेपाड्याचा वजीर बसलेला आहे. वजीरला कुणीतरी चहा द्या.” ती क्लिप अर्ध्या बदलापूरने रिंगटोन केली. अल्पेश केस कापायला अंबरनाथ पूर्वेला जायला लागला, कारण बदलापुरात खुर्चीत बसला की वस्तरा हातात घेतलेला माणूस विचारायचा, चहा सांगू का.

तेव्हाच वांगणीच्या दौलतरावांचा निरोप आला. दौलतराव शर्यतीतलं जुनं खोड. त्यांचा तुफान नावाचा बैल सगळीकडे नाव काढून आहे. त्यांचं म्हणणं, वजीर मला द्या. माझ्या शेताला लागूनच मैदान आहे, शर्यती तिथेच होतात, त्याला टेंपोत बसायची गरजच नाही. एकदा काय तो त्रास, मग जन्माचं सुख. अल्पेशला ते पटलं. खरं सांगायचं तर कुणालाही पटलं असतं. फक्त हरिचंद्रला पटत नव्हतं, आणि त्याच्याकडे न पटण्याचं एकही कारण नव्हतं. वजीर गेला तर आपण पहाटे कुणाशी बोलायचं, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं कारण नाही.

पोळ्याच्या दिवशी वजीरला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, पुरणपोळी भरवली. तेवढ्यात पार्किंगमध्येच, पांढऱ्या गाडीला टेकून, अल्पेशने विषय काढला. वरून एक विमान गेलं. हरिचंद्रने मान वर केली, ती बराच वेळ वरच ठेवली, आणि मग म्हणाला की वजीरला लिफ्टमध्ये कधी काही झालं नाही.

चिमी म्हणाली, झालं नाही, मग?

मग असं, की त्याला वर-खाली चालतं, आडवं चालत नाही. म्हणजे बैलात दोष नाही, रस्त्यात दोष आहे. त्याला वरून नेला पाहिजे. छोटं विमान असतं, चार माणसांचं. त्यातल्या खुर्च्या काढायच्या, थोडे फेरफार करायचे, वजीर आरामात जाईल.

स्कूटरवाल्याने हसू लपवायला हेल्मेट घातलं. अल्पेश मात्र पेटला. म्हणाला, “बाबा, एक काम करा. ते विमान मला बनवून दाखवा. छोटं बनवा, मॉडेल बनवा, पण कंप्लिट. एकवीरा आईची शप्पथ, मॉडेल पूर्ण होईस्तो बैल इथून हलणार नाय. पूर्ण झालं की दौलतरावांचा टेंपो बोलावणार.” आणि वजीरच्या रंगवलेल्या कपाळावर हात ठेवून मोकळा झाला.

चिमीने पदर तोंडाला लावला. पोराने शपथ घेतली खरी, पण कुणाच्या पूर्ण करण्यावर घेतली हे बघितलंच नव्हतं.

हरिचंद्र दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. काहीच केलं नाही तर पोरगा म्हणणार, तुम्ही सुरूच केलं नाही, शपथ रद्द. सुरू तर करायचं होतं, जोरात करायचं होतं, फक्त संपवायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या अंगातल्या खोडीला काम मिळालं.

आता विमानाचं मॉडेल म्हटलं की माणूस आधी विमान किती छोटं करायचं ते ठरवतो. हरिचंद्रने आधी बैल ठरवला. पोळ्याच्या पूजेला आणलेला मातीचा बैल होता घरात, एक वीत लांबीचा, पांढरा, निळ्या शिंगांचा. तो म्हणजे वजीर. तो जेवढा तेवढं माप, बाकीच्या विमानाने त्याच्या मागून यायचं. पंख पाच विती, पोट दोन विती आणि चार बोटं. चार बोटं शेपटी हलवायला.

लाकडासाठी तो गेला उल्हासनगरला, कमलेशकडे. कमलेशचं फर्निचरचं दुकान. अल्पेशच्या खोलीतलं कपाट त्याच्याचकडचं, आणि त्या कपाटाचा शेवटचा स्क्रू पिळू दिला नाही म्हणून त्याच्या मिस्त्रीचं आणि हरिचंद्रचं जे भांडण झालं त्यातून ही दोस्ती. कमलेशने बैल बघितला, मोबाईलवरचा विमानाचा फोटो बघितला, दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि गंभीरपणे विचारलं की चारा कुठे ठेवणार. हरिचंद्रने याचा विचारच केला नव्हता. कमलेश म्हणाला, “साईं, उडेगा की नही वो झूलेलाल जाने. लेकिन स्टोरेज के बिना आजकल कुछ नही चलता.”

त्यामुळे त्या विमानाच्या पोटाखाली ड्रॉवर आले, हळू बंद होणारे. पंख उचलले की आत जागा, गोधड्या ठेवायला. शेपटाकडचा फाळका, म्हणजे ज्यावरून बैल चढणार तो, बॉक्सच्या पलंगाला असतात त्या दांड्यांवर उघडायचा, फुस्स करून. बाहेरून अक्रोडी रंगाचं सनमायका. चाकं ऑफिसच्या खुर्चीची, ती चारी दिशांना फिरायची, म्हणजे विमान टेबलावर ठेवलं की ते स्वतःच्या मर्जीने कडेकडे जायचं आणि चिमीला भाजी निवडताना एक हात त्याच्यावर ठेवावा लागायचा.

पंख पोटाच्या वर, कारण खाली असते तर वजीरला खिडकीतून पंखच दिसला असता. खिडकी वजीरच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि डावीकडे. वजीरला डावीकडून वारा लागलेला आवडतो. छत शिंगांना लागत होतं म्हणून हरिचंद्रने छताला दोन भोकं पाडली आणि त्यावर चिमीच्या दोन चटणीच्या वाट्या उपड्या बसवल्या. लांबून बघणाऱ्याला वाटायचं विमानाला काहीतरी डोक्यावर लागलंय आणि टेंगळं आलीत. पायलट म्हणून दिवाळीच्या किल्ल्यातला मावळा बसवला. मावळ्याची तलवार उपसलेली. तो बैलाच्या गुडघ्याला येत होता. चौथ्या मजल्यावरच्या भाविक नावाच्या पोराने विचारलं की ज्या माणसाच्या हातात आधीच तलवार आहे त्याच्या हातात विमान द्यावं का. हरिचंद्रने प्रश्न लिफ्टमध्ये जाईपर्यंत घोळवला आणि आनंदाने परत आला. पायलट बदलायला हवा, म्हणजे अजून काम निघालं. दुसरा त्या मापाचा मिळाला नाही, मावळाच राहिला, पण शोधण्यात चार दिवस गेले.

अल्पेश रोज कंपनीतून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, झालं का. हरिचंद्र म्हणायचा, झालंच, फक्त एवढं. आणि ‘एवढं’ आणून द्यायला अख्खी बिल्डिंग तयार होती. शेणाचं काय करायचं, हे कुणीतरी काढलं. हरिचंद्रने पोटाला झडप केली. चिमीने ती उघडून खाली बघितलं, जणू खाली खरंच गाव दिसतंय, आणि म्हणाली, “पण ते पडायचं कुणाच्या डोक्यावर? वांगणीवरून जाल तवा दौलतराव अंगणात बसलेले असायचे.” झडप बंद केली, तिथे ट्रे आला. कमलेशने ट्रेला हँडल दिलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वास्तूवाल्या काकांनी सांगितलं की दार पूर्वेला पाहिजे. हरिचंद्रने विचारलं, विमान वळलं की? काका विचारात पडले. शेवटी त्यांनी निर्णय दिला की विमानाने जाताना सरळ जावं आणि येताना न वळता मागे मागे यावं. हरिचंद्रने त्यासाठी मागे बघायचा आरसा बसवला. मावळ्याला दिसेल असा.

हे असं महिनाभर छान चाललं. पण एक गोष्ट हरिचंद्रने धरली नव्हती. विमान त्याला आवडायला लागलं.

जन्मभर त्याने जे केलं ते जमिनीखालच्या पायपात वाहून गेलं होतं. पाणी आलं तर कुणी त्याचं नाव घेत नसे, नाही आलं तर घेत असत. आता हे एवढंसं, सनमायक्याचं, टेंगळं आलेलं, पण हात लावता येण्यासारखं होतं. एका दुपारी सगळी कामं संपली. सूचना संपल्या, भाविकसुद्धा गप्प. उरला फक्त शेपटाचा एक स्क्रू. हरिचंद्रने पेचकस लावला आणि हात आपोआप फिरायला लागला, इतका गोड फिरत होता की थांबवेना. अर्धा, पाऊण… आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वजीरला टेंपोत चढवतोय. त्याने पेचकस ओढून काढला, गादीखाली घातला आणि गादीवर बसून राहिला. चिमीने बघितलं आणि नुसता चहा आणून ठेवला. तो उठून खाली पार्किंगमध्ये गेला आणि वजीरच्या मानेखाली खाजवत राहिला, पांढऱ्या गाडीवाला गाडी काढायला आला तरी.

चिमी वरून बैलाला शिव्याच द्यायची. पण रोजची पहिली भाकरी कुणाची, हे पाचव्या मजल्यावरून खाली गेलेली पिशवीच सांगायची.

आणि मग आला दसरा. तिथे सगळं बिघडलं, तेही एका उरलेल्या हारामुळे.

दसऱ्याला चिमी घरातल्या प्रत्येक यंत्राला हार घालते. फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन, अल्पेशची बाईक, आणि कुणी बघत नसेल तर सोसायटीची लिफ्ट. बाजारातून झेंडू आणून सकाळपासून हार ओवत होती. हरिचंद्र खाली वजीरला सजवत होता. सगळ्यांना हार घालून झाले आणि हातात एक हार उरला. छोटा. तिने इकडे तिकडे बघितलं. टेबलावर विमान उभं होतं, एकटंच बोडकं. तिला वाईट वाटलं, दुसरं काही नाही. तिने नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पंखांना हळद लावली, हार घातला, नारळ ओवाळला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हाताने विमान पुढे ढकललं. लिंबू फुटलं. आणि दारात उभा राहून अल्पेश व्हिडिओ काढत होता.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण हरिचंद्रच्या घरचा नियम होता, आणि हरिचंद्रनेच केलेला. अल्पेशची बाईक आली तेव्हा नंबरप्लेट यायची होती, म्हणून हरिचंद्रने तिची पूजा करू दिली नव्हती. अपुऱ्या गाडीची पूजा करायची नाय, पूजा झाली की गाडी पूर्ण झाली, असं बोलला होता. बाईक पावसात तशीच बिनहाराची उभी राहिली होती आणि अल्पेश ते विसरला नव्हता.

हरिचंद्र वर आला आणि नाकावरचं स्वस्तिक बघून दारातच थांबला. म्हणाला, अजून शेपटाचा स्क्रू बाकी आहे.

“बाबा,” अल्पेश म्हणाला, “पूजा झाली. लिंबू फुटलं. तुमचाच नियम.” चढ्या आवाजात नाही बोलला. बोलताना बापाकडे बघतही नव्हता. बुटाची नाडी सोडत होता, आणि बूट बिननाडीचे होते.

हरिचंद्रने चिमीकडे बघितलं. चिमीच्या हातात अजून नारळ. तिला आत्ता कळलं होतं, काय झालं ते. त्या दिवशी त्या घरात श्रीखंड कुणी खाल्लं नाही. आणि ते बिचारं श्रीखंड आंबलं.

रविवारी दौलतराव आले. टेंपो गेटबाहेर उभा केला, खाली पार्किंगमध्ये वजीरच्या पाठीवर थाप मारली, आणि चहाला वर आले. उंच, मिशीवाला, टोपी सरळ घालणारा माणूस. सोफ्यावर बसले आणि समोर टेबलावर ते. हार सुकला होता, काढायला कुणाचं मन झालं नव्हतं.

दौलतरावांनी विचारलं, हे काय. अल्पेश घाईघाईने म्हणाला, काही नाही, खेळणं आहे. पण हरिचंद्र उठला. त्याने काही ठरवलं नव्हतं. त्याला एवढंच वाटलं की बैल जातोय त्या माणसाला सगळं माहीत असावं. त्याने फाळका उघडला, फुस्स झालं. सांगायला लागला की खिडकी डावीकडे का. दोरी अशी लांब का, कारण तोकडी बांधली तर हा रात्रभर बसत नाही. हा ड्रॉवर चाऱ्याचा, ओला आणि सुका वेगळा, सुक्यावर ओला टाकला तर नाक उडवतो. आरसा मावळ्याला आहे, पण वजीरलाही त्यात तोंड दिसतं, त्याला ते आवडतं, पार्किंगमध्ये पांढऱ्या गाडीत बघतो तसं. बोलता बोलता तो विमानाचं सांगायचं विसरला आणि नुसतं बैलाचं सांगत राहिला. आणि ‘शेवटी एवढंच सांगतो की’ म्हणाला आणि थांबला.

चिमी ओट्याकडे तोंड करून उभी होती. ओटा पुसत होती, पुसलेलाच.

दौलतराव विमानाकडे वाकले. एक डोळा मिटला. आणि म्हणाले, “हरिभाऊ, यात एक चूक हाय. हे विमान कलणार.”

हरिचंद्रने विचारलं, कुठे.

“बैल एका अंगाला उभा केलाय तुम्ही. खिडकीपाशी. एवढं जनावर एका बाजूला, दुसऱ्या बाजूला काय? हवा.”

अल्पेश म्हणाला की अहो, पण ते उडणारच नाहीये. कुणी ऐकलं नाही. दौलतरावांनी चिमीकडे लाटणं मागितलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि विमान दोन्ही हातांनी उचलून, नाक पुढे करून, त्याच्यावर लांबीने तोललं. विमान वजीरच्या अंगाला कललं, मावळा तलवारीसकट खिडकीला चिकटला. हरिचंद्रला स्वतःची लाज वाटली. महिनाभर बिल्डिंगभर विचारलं आणि हे एकालाही दिसलं नाही. दौलतरावांनी टोपलीतून एक बटाटा घेतला, वजीरच्या उजवीकडे ठेवला. विमान सरळ झालं. पुन्हा बटाटा काढला, कललं. ठेवला, सरळ.

“जोडी पायजे,” दौलतराव म्हणाले. “बैल कधी एकटा असतो का?”

हरिचंद्रने बटाट्याकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण मग. आणि स्वतःच म्हणाला, हा तुफान.

दौलतरावांच्या मिशा हलल्या. म्हणाले की माझा तुफान बटाटा नाही, त्याचं खांदं बघा, त्याचा रुबाब बघा. मग बटाटे निवडायला स्वतः उठले. टोपली ओट्यावर ओतली, हाताने तोलून बघत राहिले आणि एक लांबट, खांद्याकडे जाड असा बटाटा काढला. तो बसवला. दोघं खाली वाकून बघायला लागले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली तरी कुणी मागे सरलं नाही. तुफानला खिडकी कुठली, यावर वाद झाला. तुफानच्या शिंगांना वाट्या पुरणार नाहीत, वाडगे लागतील, असं दौलतरावांनी स्पष्ट सांगितलं. टेंपोवाल्याने खालून दोनदा हॉर्न दिला. दौलतरावांनी खिडकीतून हात केला, थांब.

अल्पेशने शेवटी मधे पडून विचारलं की मग वजीरला चढवायचं ना आता.

“तो वांगणीला गेला तर इथं माप कशावर घेणार?” दौलतराव म्हणाले. “विमान राहिलं ना अर्धवट.”

“अहो काका, विमान नाहीच आहे!”

“म्हणून तर घाई करून चालत नाय.”

अल्पेशने मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला, पूजा झालेली, लिंबू फुटलेलं, नियमाप्रमाणे पूर्ण. दौलतरावांनी चष्मा लावून तो दोनदा बघितला. मग मोबाईल परत देताना म्हणाले, यात एकाच बैलाची पूजा झालेली दिसतेय. जोडीची कुठे झालीय?

खरं म्हणजे अल्पेशला उत्तर शोधायचंच नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि दसऱ्यापासून पहिल्यांदा आईकडे बघून हसला. चिमीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यात बाईकच्या हाराचाही हिशेब चुकता झाला असावा.

उठता उठता दौलतरावांनी खरी गोष्ट सांगितली, हळूच, जशी काही फार महत्त्वाची नसावी. तुफानला टेंपो आवडतो. टेंपो दिसला की स्वतः चढून बसतो, उतरवताना त्रास देतो. तेव्हा विमान तयार होईपर्यंत, लागेल तेवढी वर्षं, तुफानच जांभूळला येईल. वजीरने चालत यावं. पैरा करू. जिंकलो तर दोघांचं नाव, हरलो तर विमान नव्हतं म्हणून हरलो असं सांगू.

टेंपो रिकामाच परत गेला. वजीरने पांढऱ्या गाडीत तोंड बघून घेतलं आणि रवंथ करायला लागला.

दिवाळीनंतर जांभूळला शर्यत झाली. हरिचंद्र आणि वजीर पहाटे चालत निघाले. तुफान टेंपोतून आला आणि सांगितल्याप्रमाणे उतरायला तयार नव्हता. त्याला उतरवण्यात इतका वेळ गेला की माइकवरच्या माणसाला बोलायला विषय मिळाला. तोच माणूस, मुरबाडचा. म्हणाला, मंडळी, हेंद्रेपाड्याचा वजीर आज उभा आहे. शर्यतीत जोडीचा दुसरा नंबर आला. पहिली का नाही आली, तर दौलतरावांनी पहिल्या आलेल्या माणसाला स्वतः जाऊन सांगितलं की आमचं विमान अजून व्हायचंय. त्या बिचाऱ्याने घरी जाऊन काय सांगितलं असेल कोण जाणे.

विमानाचं म्हणाल तर ते टेबलावरच आहे. दुसरा मातीचा बैल पुढच्या पोळ्याशिवाय मिळणार नाही. आणि हरिचंद्रने वर्षभर आधीच कुंभाराकडे जाऊन चौकशी केली तर कुंभार म्हणाला, नवा साचा आलाय, पुढच्या वेळचे बैल दीड विती. म्हणजे तुफान वजीरच्या दीडपट होणार, म्हणजे वजीर बदलावा लागणार, म्हणजे विमान पहिल्यापासून. ही बातमी हरिचंद्रने घरी येऊन अशा चेहऱ्याने सांगितली की चिमीला वाटलं पेन्शन वाढली.

तोवर बटाटा आहे. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही, कारण दौलतराव दर रविवारी वांगणीवरून फोन करून विचारतात, आमचा तुफान कसा आहे.

मागच्या रविवारी चिमीनेच फोन उचलला. वाट्या उचलून आत वाकून बघितलं आणि सांगितलं, “बरा हाय. कोंब फुटलेत.”

पलीकडून दौलतराव म्हणाले, “शिंगं येत असतील.”